शंभर वर्षांचे कुलूप

(दृश्य : १९११ सालचे एक जनगणना पत्रक. कॅमेरा डावीकडून उजवीकडे, एकेका रकान्यावरून सरकतो.)

इंग्लंडमधील एका कुटुंबप्रमुखाने २ एप्रिल १९११ च्या रात्री घरात असलेल्या माणसांची ही यादी आपल्या हाताने लिहिली आहे. त्याआधीच्या जनगणनांमध्ये घरोघरची पत्रके प्रगणकाच्या वहीत उतरवून घेत आणि मूळ कागद पुढे नष्ट होत. १९११ ची मूळ पत्रकेच जपली गेल्यामुळे लिहिणाऱ्याचे अक्षर, त्याची खाडाखोड आणि ऐन वेळी सुचलेली दुरुस्ती असे सगळे इथे पाहायला मिळते. मधल्या रकान्यांत विवाहित स्त्रियांसाठी प्रश्न आहेत. विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत आणि किती गेली? विधवांनी आणि विधुरांनी हे रकाने भरायचे नव्हते, तरीही पुष्कळांनी ते भरले. कार्यालयातील कारकुनांनी अशा उत्तरांवर रेघ मारली, परंतु रेघेखालचे आकडे आजही स्वच्छ वाचता येतात. सरकारने विचारलेले नसतानाही गेलेल्या मुलांची संख्या कुठेतरी लिहून ठेवावी, असे त्या माणसांना वाटले असावे.

(दृश्य : पत्रकाचा उजवा कोपरा. शेवटचा रकाना.)

शेवटचा रकाना आजाराचा आणि व्यंगाचा आहे. घरातील कोणी ठार बहिरे, पूर्ण आंधळे, वेडे किंवा मंदबुद्धीचे असल्यास तसे इथे नोंदवायचे होते. शब्द अर्थातच त्या काळाचे आहेत. ही माहिती कुटुंबप्रमुखाने द्यायची, म्हणजे पत्नीविषयी पतीने, मुलीविषयी बापाने आणि घरात राहणाऱ्या मोलकरणीविषयी मालकाने. आपल्या नावापुढे काय लिहिले गेले, हे त्या मोलकरणीला कधी कळले असेल, याची शक्यता कमीच.

ही पत्रके शंभर वर्षे बंद राहणार होती. परंतु माहितीच्या अधिकाराखाली झालेल्या मागणीवर ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २००६ मध्ये निर्णय दिला आणि २००९ मध्ये, म्हणजे मुदतीच्या तीन वर्षे आधी, ती लोकांना पाहता येऊ लागली. अपवाद होता तो याच शेवटच्या रकान्याचा. २०१२ उजाडेपर्यंत पडद्यावर तेवढी पट्टी झाकलेली असे. जनगणनेच्या कागदांविषयीचा सगळा वाद त्या झाकलेल्या पट्टीत सापडतो. कागद खुला करायचा, पण त्यातला माणूस उघडा पडू द्यायचा नाही.

मराठीत जनगणनेला पूर्वी खानेसुमारी म्हणत, शिरगणतीही म्हणत. पहिल्या शब्दात घरे मोजली जातात, दुसऱ्यात डोकी. नावे दोन्हींत नाहीत, आणि राज्यकर्त्यांना बहुधा नावांची गरजही नसते; करासाठी, मतदारसंघांसाठी, शाळा-दवाखान्यांसाठी संख्या पुरते. नावाची ओढ असते ती नंतर येणाऱ्यांना. पणजी कोणत्या गावातून आली, तिची किती भावंडे लहानपणी गेली, आजोबांच्या कागदपत्रांत त्यांच्या वडिलांचे नाव का नाही, असे प्रश्न घेऊन माणसे अभिलेखागारांच्या पायऱ्या चढतात. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याच नावांच्या आधारे एक कुटुंब दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांनी पुढे शोधत जाता येते, आणि स्थलांतर, बालमृत्यू किंवा व्यवसायबदल यांविषयी सरासरीच्या आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी हाती लागतात.

(दृश्य : अठराव्या शतकातील अमेरिकी गावाचे रेखाचित्र.)

जनगणनेची माहिती गुप्त असते, ही समजूत आपण समजतो तितकी जुनी नाही. अमेरिकेच्या १७९० सालच्या पहिल्या जनगणनेच्या कायद्यानुसार, तयार झालेल्या याद्यांच्या प्रती त्या त्या विभागातील अत्यंत वर्दळीच्या दोन ठिकाणी लावणे बंधनकारक होते. कोणाचे नाव राहिले असेल किंवा चुकीचे पडले असेल, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते दाखवून द्यावे, हा हेतू. यादीत फारसे काही नसे; कुटुंबप्रमुखाचे नाव आणि घरातील माणसांची वर्गवार संख्या, एवढेच. पुढच्या दशकांत रकाने वाढले, वय आले, व्यवसाय आला, मालमत्ता आली, व्यंग आले. शेजाऱ्याने वाचावी अशी ती यादी राहिली नाही, आणि भिंतीवर लावण्याची प्रथाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद पडली.

गोपनीयतेचे आश्वासन आले ते लोकांनी खरे सांगावे म्हणून. १९१० च्या जनगणनेआधी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी जाहीरनामा काढून नागरिकांना सांगितले की या चौकशीचा करआकारणीशी किंवा सैन्यभरतीशी काहीही संबंध नाही आणि उत्तर दिल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही. सात वर्षांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सक्तीची भरती टाळणाऱ्या तरुणांचे खरे वय ठरवण्यासाठी त्याच १९१० च्या नोंदींतील माहिती भरती मंडळांना आणि न्याय खात्याला पुरवण्यात आली. ज्या एका गोष्टीचा संबंध नाही असे ठासून सांगितले होते, नेमक्या तिच्यासाठीच कागद उघडले गेले.

(दृश्य : १९४० च्या जनगणनेची मोठी पाने. नंतर, छावणीच्या दिशेने निघालेल्या कुटुंबांची छायाचित्रे.)

दुसऱ्या महायुद्धात याहून मोठे काही घडले. मार्च १९४२ च्या युद्धाधिकार कायद्याने जनगणनेच्या गोपनीयतेचे संरक्षण तात्पुरते दूर सारले. पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढून छावण्यांत नेण्याची आखणी करताना १९४० च्या जनगणनेतील वस्तीनिहाय आकडे वापरले गेले. हे आकडे होते, नावे नव्हती, असा बचाव पुढे अनेक वर्षे केला जात असे. मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्टझर या संशोधकांनी २००७ मध्ये पुढे आणलेल्या कागदपत्रांमुळे तो बचाव ढासळला, कारण १९४३ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील जपानी वंशाच्या रहिवाशांची नावे आणि पत्ते सीक्रेट सर्व्हिस या सरकारी सुरक्षा यंत्रणेला दिले गेले होते, हे त्यांतून सिद्ध झाले.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९४० ची तीच पाने सामान्य वाचकाला २ एप्रिल २०१२ रोजी पाहायला मिळाली, कारण अमेरिकेत ७२ वर्षांचा नियम आहे. आपल्या आजीचे नाव शोधणाऱ्या नातवाला ७२ वर्षे थांबावे लागले. सरकारच्या दुसऱ्या खात्याला चार वर्षेही थांबावे लागले नाही. गोपनीयतेच्या चर्चेत बोट नेहमी वंशावळ शोधणाऱ्या हौशी माणसाकडे दाखवले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. दाराला कुलूप लोकांसाठी लावले जाते आणि किल्ली आतच असते. कागद बंद असण्याच्या काळात ती कोणाच्या हाती जाते, या प्रश्नावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

जर्मनीत तो विचारला गेला. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणना कायद्यातील काही तरतुदी रद्द ठरवल्या. जनगणनेत मिळालेली माहिती स्थानिक नोंदवह्यांशी ताडून पाहण्याची मुभा त्या कायद्याने प्रशासनाला दिली होती. आपल्याविषयीची माहिती कोणी आणि कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. जनगणना लांबणीवर पडली आणि १९८७ मध्ये बदललेल्या कायद्याने पार पडली.

वर्षांच्या आकड्यांत मात्र फारसे शास्त्र शोधू नये. अमेरिकेचा ७२ हा आकडा १९५२ मध्ये जनगणना विभाग आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांच्यातील समझोत्यातून पक्का झाला आणि १९७८ मध्ये कायद्यात आला. तो माणसाच्या आयुर्मानावरून घेतला असे सांगितले जाते, परंतु १९५२ साली तिथले सरासरी आयुर्मान सत्तरीलाही पोहोचले नव्हते. ब्रिटनमध्ये शंभर वर्षे, कॅनडात ९२, डेन्मार्कमध्ये ७५. भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ प्रगणकाच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच देत नाही, आणि तो कधी मिळेल याची मुदतही त्यात नाही.

ऑस्ट्रेलियाने फार काळ तिसराच मार्ग धरला. आकडे काढून झाले की नावे असलेली पत्रके नष्ट करायची. २००१ पासून तिथे घरातील माणसांना विचारले जाऊ लागले की तुमची माहिती ९९ वर्षांनी खुली करण्यासाठी जपावी का, आणि निम्म्याहून अधिक लोकांनी होकार दिला. कॅनडानेही २००६ मध्ये असाच प्रश्न घातला, तेव्हा प्रतिसाद साधारण तितकाच होता; उत्तर न देणे म्हणजे नकार, असा तिथला अर्थ. पुढे २०१७ च्या कायद्याने तिथे संमतीचा प्रश्नच काढून टाकला. संमती मागणे सभ्यपणाचे आहे हे मान्य केले, तरी पत्रक भरणारा हात बहुतेक घरांत एकच असतो, आणि पाळण्यातल्या मुलाच्या वतीने शंभर वर्षांनंतरचा होकार किंवा नकार देण्याचा अधिकार त्या हाताला कोठून मिळतो, हे मला उमगलेले नाही.

(दृश्य : जळालेल्या कागदांच्या कडा.)

नष्ट करण्याचा मार्ग निवडण्याआधी, आपोआप नष्ट झालेले काय आहे तेही पाहावे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा बहुतांश भाग जानेवारी १९२१ मधील आगीत जळाला किंवा ती विझवताना मारलेल्या पाण्यात खराब झाला. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या काळातील बहुतेक नोंदी १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळाल्या. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये जळून खाक झाली, आणि ती आग बॉम्बहल्ल्याने लागलेली नव्हती. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्यामुळे १९२१ नंतरचे इंग्लंड आणि वेल्सचे पुढचे मोठे दालन १९५१ चे, आणि त्याचे दार उघडेल २०५२ मध्ये.

१९२१ ची पाने जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली खरी, पण एका खासगी संकेतस्थळावर, एका मूळ पानाचे साडेतीन पौंड घेऊन. शंभर वर्षे जे गोपनीय होते ते दुसऱ्या दिवशी विक्रीला होते. त्याच वर्षी १ एप्रिलला अमेरिकेने १९५० ची पाने विनामूल्य दिली, आणि संगणकाने हस्ताक्षर वाचून तयार केलेली नावांची सूचीही पहिल्याच दिवशी सोबत होती. पूर्वी मायक्रोफिल्मच्या रिळावर तासन्‌तास डोळे ताणावे लागत. तो त्रास हेच एक संरक्षण होते. आता नाव टाकले की घर सापडते, आणि १९५० मध्ये दोन वर्षांची असलेली मुलगी तेव्हा अवघी चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

(दृश्य : १९३९ च्या नोंदवहीचे पान. काही ओळींवर काळ्या पट्ट्या.)

हे शेवटचे पान जनगणनेचे नव्हे. २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रांसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये ही नोंदवही केली गेली आणि पुढे आरोग्यसेवेने ती कित्येक दशके वापरली, म्हणून मुलींच्या नावांशेजारी लग्नानंतरची आडनावे वेगळ्या शाईत दिसतात. २०१५ मध्ये ती खुली झाली, पण संपूर्ण पान एकदम नाही. ज्याच्या जन्माला शंभर वर्षे झाली नाहीत आणि ज्याच्या मृत्यूचा पुरावा नाही, त्याची ओळ काळ्या पट्टीखाली असते. जनगणनेच्या नियमात वर्ष मोजले जाते. इथे माणूस मोजला जातो, आणि माझ्या मते हीच पद्धत सर्वांत कमी दुखावणारी आहे, जरी ती राबवायला दरवर्षी नव्याने पाने चाळावी लागतात. या पानावर वडील आहेत, आई आहे, दोन मोठी भावंडे आहेत. त्यांच्याखालची पाचवी ओळ अजून काळी आहे.