दोन थरांमधला लाल पट्टा
(अंबाजोगाई तालुक्यातल्या एका महाविद्यालयात माजी सैनिक असलेल्या विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रवेश घेताना माझ्याकडून एक प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं. 'बारावीनंतर १९ वर्षं माझ्या शिक्षणात खंड पडला.' सही केली, पण 'खंड' हा शब्द काही घशाखाली उतरला नाही. त्यातली १७ वर्षं मी फौजेत होतो. एक वर्ष कांगोत, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. गावात मला सगळे 'मेजर' म्हणतात, तसं ते कुठल्याही फौजीला म्हणतात. वर्गात मी 'काका' आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूगोल. दप्तर घेऊन निघालो तेव्हा माय म्हणाली, "आता कशाला शिकायलास रे बाबा?" तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

पूर्व कांगोत किवू सरोवराच्या काठी गोमा नावाचं शहर आहे. त्याच्या डोक्यावर न्यिरागोंगो हा ज्वालामुखी. रात्री गस्तीला निघालो की त्याच्या माथ्यावरचं आभाळ तांबडं दिसायचं. जानेवारी २००२ मध्ये त्याचा लाव्हा थेट शहरातून वाहत गेला होता. आम्ही गेलो तेव्हा त्याच थिजलेल्या लाव्ह्यावर लोकांनी घरं उभी केली होती, भिंतींना दगडही तोच. पोरं चुकुडू नावाची लाकडी दुचाकी पोती लादून त्या खडबडीत रस्त्यावरून ढकलत न्यायची. भेगांमध्ये धूळ साचलेली आणि त्या चिमूटभर मातीत गवत उगवलेलं. एक दगड उचलून पाहिला. काळा, बारीक भोकांचा. वाटलं, हा तर आपल्या रानातला!

हे मी कोणाला बोललो नाही. फौजेत असं बोलायला जागा नसते.

मग गेल्या वर्षी सरांनी दख्खनचं पठार शिकवायला घेतलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो खडक आहे. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय, आपली काळी माती त्याचीच झीज. बोलता बोलता सर म्हणाले, "कधी कधी दोन थरांच्या मध्ये लाल पट्टा सापडतो. लाव्हा वाहण्यात खंड पडला, वरचा खडक झिजून माती झाली आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजून काढली."

मी बाकावरून उठून उभा राहिलो. आमच्या विहिरीत तो पट्टा आहे! मी शाळेत असताना दादांनी विहीर खोदली. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि त्याखाली अचानक गेरूसारखा लाल थर. सुरुंगवाला दादांना म्हणाला होता, "हे ढासळतं, इथं बांधून घ्या." त्या लाल थराची सुरुवात कशी होते, ते मी गोम्यात पाहिलं होतं. भेगेतली ती चिमूटभर माती.

खंड पडला तेव्हाच माती झाली, लेकरांनो. मला प्रतिज्ञापत्रातला तो शब्द आठवला.

आता थोडं कडू बोलतो. १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला गट 'क'च्या सरकारी पदांसाठी पदवीधर समजतात. आमचे कितीतरी भाऊ त्यावर समाधान मानतात, पण त्या कागदावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, ती आमच्या मुलांना आणि वीरपत्नींना. ती हवीच. पण सदतिसाव्या वर्षी घरी आलेल्या माणसाला स्वतःलाच शिकावंसं वाटेल, हे कोणाच्या मनात आलं नाही. अमेरिकेने १९४४ मध्ये परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी कायदा केला आणि दुसऱ्या महायुद्धातले सुमारे २२ लाख सैनिक त्याच्या आधाराने कॉलेजात गेले. आमचा माणूस पुण्याला जातो आणि एखाद्या गेटवर सिक्युरिटीच्या खुर्चीत बसतो. त्याने वाळवंट पाहिलंय, बर्फ पाहिलंय, कोणी समुद्रापारचे देश पाहिलेत. हे सगळं कोणत्या वर्गात बोलायचं त्याने?

माझी मागणी छोटी आहे. आमच्याकडून खंडाचं प्रतिज्ञापत्र घेऊ नका, डिस्चार्ज बुक, म्हणजे आमच्या फौजेतल्या सेवेची नोंदवही, बघा. आणि त्यात काय आहे ते एकदा आम्हाला विचारा.

येत्या रविवारी सर सगळ्यांना आमच्या विहिरीवर आणणार आहेत. पाणी खाली गेलंय, त्यामुळे पट्टा उघडा पडलाय. पायऱ्या जुन्या आहेत, चपला घालून उतरू नका. मी आधी खाली उतरून थांबतो.