परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली ब्राह्मी

मित्रहो, या टेबलावर मी दोन कुंड्या मुद्दाम ठेवल्या आहेत. व्याख्यान संपलं की जवळ येऊन बघा, पान चुरगळून वास घ्या. डावीकडच्या कुंडीत गोलसर पानं आहेत, काठाला बारीक दाते आणि देठ लांब. उजवीकडच्या कुंडीतली पानं इवलीशी, जाडसर, रसाळ. फांद्या मातीला धरून पसरलेल्या आणि त्यावर फिकट जांभळी झाक असलेली पांढरी फुलं. ही दोन्ही रोपं मला ‘ब्राह्मी’ म्हणूनच विकली गेली.

डावीकडची म्हणजे कारिवणा, कोकण-गोव्याकडची एकपानी. ग्रंथांतली मंडूकपर्णी, वनस्पतिशास्त्रात सेंटेला एशियाटिका. ही कोथिंबीर-गाजराच्या कुळातली. उजवीकडची नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, म्हणजे बकोपा मोनिएरी. ही इसबगोलाच्या कुळात बसते. दोघींमधली मुख्य द्रव्यं वेगळी आहेत, चवसुद्धा वेगळी. नीरब्राह्मी चांगलीच कडू लागते. भारताच्या अधिकृत आयुर्वेदिक औषधकोशात ब्राह्मी म्हणजे बकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला, असं स्पष्ट नोंदवलेलं आहे. बंगालमध्ये तर साध्या भाजीवालीलाही हा फरक ठाऊक असतो. तिथे ब्राह्मी शाक वेगळं आणि थानकुनी वेगळी. आपल्याकडे मात्र घरोघरी कुंडीत दिसते ती गोल पानाची, आणि बाटलीवरच्या ब्राह्मीत बकोपा असू शकते किंवा सेंटेलाही. शंखपुष्पीची कथा याहून गुंतागुंतीची आहे, त्या नावाखाली चार निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. पण आज तिकडे वळत नाही.

हा घोळ प्राचीनांनी घातलेला नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या प्रकरणात, चार मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मृतीला हितकर, रसायनं दिली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस (ताज्या पानांचा पिळून काढलेला रस), दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. या चारांत ब्राह्मी नाही! ती चरकांनी अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, प्रकरणात घेतली आहे. ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी आणि जुनं तूप यांचं ब्राह्मीघृत. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर दोघींचे प्रयोग एकामागोमाग, स्वतंत्रपणे सांगितले आहेत.

तो अध्याय मूळातून वाचण्यासारखा आहे. ब्राह्मीचा स्वरस एक सप्ताह घेतला की माणूस मेधावी होतो. दुसऱ्या सप्ताहानंतर हवा तो ग्रंथ रचू शकतो आणि विसरलेलं त्याला पुन्हा आठवू लागतं. तिसऱ्या सप्ताहानंतर दोनदा उच्चारलेल्या शंभर गोष्टीही ध्यानात राहतात. ही फलश्रुती आहे, ती फलश्रुतीसारखीच वाचावी. पण त्याआधीची वाक्यं कुणी वाचत नाही. प्रयोग सुरू करण्यापूर्वी शरीराची शुद्धी करायची, वेगळ्या घरात राहायचं, जठराग्नी सांभाळून मोजका आहार घ्यायचा, रस आपल्या शक्तीप्रमाणे प्यायचा, तो पचल्यावरच जेवायचं. मंडूकपर्णीच्या प्रयोगात तर तीन महिन्यांचा उल्लेख आहे. म्हणजे माणसाची सगळी दिनचर्या बदलून मग रस द्यायचा, अशी ही योजना होती. आपण त्यातला रस तेवढा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

आता प्रयोगशाळेकडे येऊ. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात बकोपातून ‘बॅकोसाइड’ नावाची द्रव्यं वेगळी काढली गेली. पुढे कळलं की ‘बॅकोसाइड ए’ हे एकच द्रव्य नसून काही सॅपोनिनांचं, म्हणजे पाण्यात साबणासारखा फेस आणणाऱ्या वनस्पतिद्रव्यांचं, मिश्रण आहे. लखनौच्या या कामामुळे ठरावीक प्रमाणाचा अर्क तयार करता येऊ लागला, आणि ज्या चाचण्यांबद्दल मी आता बोलणार आहे त्या अशा अर्कांवरच उभ्या आहेत.

२००१ साली ऑस्ट्रेलियात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत ३८ निरोगी माणसांना ३०० मिलिग्रॅम अर्काची एकच मात्रा दिली आणि दोन तासांनी स्मरण, लक्ष वगैरे तपासलं. काहीही फरक दिसला नाही. दुसरीत ४६ निरोगी माणसांना रोज तेवढाच अर्क १२ आठवडे दिला किंवा त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. तिथे अर्क घेणाऱ्यांत फरक दिसला, आणि तो सर्वांत जास्त दिसला बाराव्या आठवड्याच्या शेवटी.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढच्याच वर्षीची, म्हणजे २००२ची चाचणी. तीही ऑस्ट्रेलियातलीच. चाळीस ते पासष्ट वयाची ७६ माणसं, कालावधी तीन महिने. त्यांच्या शिकण्याच्या वेगात फरक पडला नाही. जे नव्यानं शिकलं होतं ते विसरण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. किती नेमका निष्कर्ष आहे हा! ब्राह्मीनं पाठ लवकर होत नाही. पाठ झालेलं थोडं अधिक टिकतं, तेही दीर्घकाळ नियमानं घेतल्यावर. या सगळ्या चाचण्या लहान आहेत, आणि सगळ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतातच असं नाही. २००१च्या १२ आठवड्यांच्या चाचणीत शिकण्याच्या वेगातही सुधारणा आढळली होती. म्हणून मी ‘थोडं’ हा शब्द जपून वापरतो आहे. आणि सुश्रुतांचे तीन महिने या १२ आठवड्यांशी जुळतात म्हणून कृपा करून टाळ्या वाजवू नका. तो प्रयोग मंडूकपर्णीचा आहे, चाचण्या बकोपाच्या आहेत.

हे सगळं मी कळकळीनं सांगतो, कारण फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील ब्राह्मी शोधायला निघतात. कुणी सिरप आणतं, कुणी सारस्वतारिष्ट, कुणी डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळतं. तेल चोळल्यानं मुलाला निवांत वाटत असेल, आईचा हात डोक्यावरून फिरतो त्याचाही गुण असेल. पण मी सांगितलेल्या चाचण्या पोटात घेतलेल्या अर्काच्या आहेत, आणि मोठ्या माणसांवरच्या. एका आठवड्यात ब्राह्मी काही करील याला आधार नाही. उलट पोट बिघडू शकतं. चाचण्यांत वारंवार आढळलेला त्रास तोच आहे: मळमळ, पोटात कळा, शौचाला जास्त वेळा जावं लागणं. ऐन पेपरच्या दिवशी हे मुलावर का लादायचं? त्याला रात्री सात-आठ तास झोपू द्या. शिकलेलं पक्कं होण्याच्या कामात झोपेचा वाटा किती मोठा आहे, याचा पुरावा ब्राह्मीच्या पुराव्याहून पुष्कळ भक्कम आहे.

आणखी एक गोष्ट. नीरब्राह्मी चिखलात, साचलेल्या पाण्यात फोफावते आणि त्या पाण्यातले शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. तो गुण इतका ठळक आहे की दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी या वनस्पतीचा अभ्यास झाला आहे. तेव्हा नाल्याकाठी उगवलेली ब्राह्मी कितीही टवटवीत दिसली तरी खुडू नका. घरी कुंडीत लावा. फांदीचा तुकडा ओल्या मातीत खोचला की रुजतो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, अलीकडे फार विसरतात, ब्राह्मी सुरू करू का?’ ताई, आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. विस्मरण बी-१२ कमी झाल्यानं होतं, थायरॉइड मंदावल्यानं होतं, नैराश्यानं होतं, झोपेच्या गोळ्यांनी होतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. शाकाहारी घरात बी-१२ची कमतरता तर फार आढळते. रक्ताची साधी तपासणी करून ती कळते. ब्राह्मी देत बसलात आणि त्यात सहा महिने गेले, तर तेवढा उपचार लांबला. त्या सध्या कोणत्या गोळ्या घेतात त्याची यादी कागदावर लिहून बरोबर न्या, आणि ब्राह्मी द्यायचं मनात असेल तर तेही त्याच कागदावर लिहा.