घारापुरी कोणी कोरली?

श्रोतेहो, नमस्कार.

गेटवेहून लाँच सुटली की तासाभरात घारापुरी येते. पायऱ्या चढून मुख्य लेण्यात शिरा. दक्षिणेच्या भिंतीतला तो सुमारे वीस फुटी सदाशिव डोळ्यांत मावत नाही. पण जरा बाजूला, नटराजाकडेही बघा. कमरेला बाक आहे, चेहऱ्यावर तीच तंद्री आहे, आणि पाय मात्र गायब!

हे कोरलं कोणी? गावकरी पांडवांचं नाव घेतात. आपल्याकडे डोंगरात काहीही कोरलेलं दिसलं की ते पांडवांचंच, तेही एका रात्रीत! सोळाव्या शतकातल्या दियोगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकाराने मात्र बाणासुर आणि त्याची मुलगी उषा यांची कथा नोंदवून ठेवली आहे.

खरं उत्तर कदाचित दारावरच होतं. कुतो लिहितो, की इथे एक शिलालेख होता. १५३४ मध्ये वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढे त्यांनी तो दगड काढून आपल्या राजाकडे पोर्तुगालला पाठवला. तिथे तो कोणालाच वाचता आला नाही, आणि मग दगडाचाही पत्ता लागला नाही. मूर्ती फोडल्या त्याची हळहळ सगळेच करतात. मला विचाराल तर हा दगड गेला, ते नुकसान मोठं.

मग अभ्यासकांच्या हाती उरलं काय? चिल्लर! बेटावर तांब्याची बारीक नाणी ढिगाने सापडली. ती कलचुरी राजा कृष्णराजाची मानतात. हा सहाव्या शतकातला राजा. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर नंदी आहे, आणि तो स्वतःला ‘परममाहेश्वर’ म्हणवतो, म्हणजे पक्का शिवभक्त. इतक्या हलक्या किमतीची नाणी एका बेटावर कशाला येतील? पाथरवटांची मजुरी भागवायला, असा एक तर्क आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचा कौलही कलचुरींकडेच होता.

पण कोकणच्या मौर्यांचा दावा आहेच. इसवी सन ६३४ चा ऐहोळेचा शिलालेख सांगतो, की चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने ‘पुरी’ ही पश्चिम समुद्राची लक्ष्मी जिंकली. ही पुरी या मौर्यांची राजधानी मानतात. ती पुरी म्हणजे घारापुरीच, असं काहींचं म्हणणं. काहीजण जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. आणि राजधानी घारापुरीच होती असं धरलं, तरी लेण्याचा खर्च मौर्यांनी केला हे कुठे सिद्ध होतं? माझं मत विचाराल, तर मी नाण्यांच्या बाजूने आहे.