एका भाषेची अकरा घड्याळं, एका बोलीची चार नावं

(दृश्य : व्लादिवोस्तोकचं रेल्वे स्थानक. फलाटावरचा खांब, त्यावर ९२८८ हा आकडा.)

मॉस्कोहून इथवर ९,२८८ किलोमीटर. गाडी जवळजवळ आठवडाभर धावते, घड्याळ सात तास पुढे जातं, आणि फलाटावर चहा मागायला मॉस्कोत लागली होती तीच भाषा लागते. रशियन. कालिनिनग्रादपासून कामचात्कापर्यंत, अकरा कालविभागांत ती चालते. मालवण ते नागपूर एवढ्यातच मराठी किती रूपं घेते, हे आपण जाणतो. इथे मात्र खंड ओलांडला तरी बोलणं फारसं बदलत नाही, कारण ही भाषा सैबेरियात गेल्या चारेक शतकांत पोचली. आधी व्यापारी आणि कोसॅक सैनिक आले, मग रेल्वे आली, मग सोव्हिएत शाळा आणि रेडिओ. सगळ्यांचं केंद्र एकच होतं. या रशियनचा आणि तिच्याच स्लाव्हिक कुळातल्या सर्बियनचा नकाशा आज शेजारी ठेवून पाहू.

(दृश्य : कझाकस्तान. अल्माटीचा बाजार, कोरियन लोणच्यांची दुकानं.)

रशियन बोलणारा प्रत्येक जण रशियन वंशाचा नसतो, हे या बाजारात लगेच कळतं. १९३७ मध्ये स्तालिनच्या राजवटीनं अतिपूर्वेकडच्या कोरियन लोकांना सक्तीनं उचलून मध्य आशियात आणून टाकलं. पुढे व्होल्गाकाठचे जर्मन आले, १९४४ मध्ये चेचेन आले. १९५४ पासून पडीक गवताळ जमीन नांगरायला आणखी लाखो माणसं आणली गेली. एका वस्तीत इतक्या मातृभाषा, आणि शेजाऱ्याशी बोलायला एकच सामाईक भाषा. त्या कोरियन कुटुंबांची नातवंडं आज रशियन बोलतात. आजीचं लोणचं टिकलं, आजीची भाषा बहुतेक घरांत राहिली नाही. रशियनच्या नकाशाकडे बघताना ही किंमत विसरू नये असं मला फार वाटतं.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. सीमा मागे सरकल्या, भाषा जागीच राहिली. बेलारूसमध्ये ती राजभाषा आहे, किर्गिझस्तानात अधिकृत भाषा आहे, कझाकस्तानात सरकारी कारभारात कझाकच्या जोडीनं वापरता येते. एस्टोनियाच्या नार्वा शहरात बहुतेक घरांत तीच बोलली जाते. नदीपलीकडे रशिया दिसतो. लाटव्हियानं २०२३ पासून शाळांचं माध्यम टप्प्याटप्प्यानं पूर्ण लाटव्हियन करायला घेतलं. आणि युक्रेन. खारकीव्ह, ओडेसा ही शहरं पिढ्यान् पिढ्या रशियन बोलत आली. २०२२ च्या आक्रमणानंतर तिथल्या कितीतरी माणसांनी ठरवून, अडखळत, घरात युक्रेनियन बोलायला सुरुवात केली. ज्या भाषेत लहानपण गेलं ती बाजूला ठेवणं सोपं नसतं.

दूरवरच्या वस्त्या तर अनेक. इस्रायलमध्ये १९८९ नंतर सुमारे दहा लाख लोक ही भाषा घेऊन आले. न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचला दुकानांच्या पाट्या रशियन आहेत. आपल्या गोव्यात मोरजी आणि हरमलच्या किनाऱ्यावर खाद्यपदार्थांची यादीही.

(दृश्य : बोस्निया. टपरीवर सिगारेटचं पाकीट, जवळून.)

आता हे पाकीट पाहा. ‘धूम्रपान जीवघेणं आहे’ हा इशारा त्यावर तीनदा छापलाय : एकदा बोस्नियन, एकदा क्रोएशियन, एकदा सर्बियन. तिन्ही ओळींतले शब्द तेच. दोन लॅटिन लिपीत, तिसरी सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात तिच्यात.

सर्बियन कुठे बोलली जाते, हा प्रश्न या पाकिटापाशी अवघड होतो. सर्बियाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ६६ लाख. त्याबाहेर बोस्नियात, विशेषतः बान्या लुका शहराच्या परिसरात, ती बोलली जाते. कोसोव्होत मित्रोवित्सा शहराला इबार नदी दुभागते, उत्तरेला सर्बियन, दक्षिणेला अल्बेनियन. क्रोएशियातल्या वुकोवारमध्ये २०१३ साली सिरिलिक अक्षरांच्या सरकारी पाट्या लागल्या तेव्हा लोकांनी त्या फोडल्या. १९९१ च्या युद्धात सर्ब बाजूच्या फौजांनी ते शहर जमीनदोस्त केलं होतं आणि ही अक्षरं त्या आठवणीला जोडली गेली होती. अक्षरांचा दोष नव्हता, पण जखमही खोटी नव्हती.

सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया हे सगळे युगोस्लाव्हिया या एकाच देशात होते तेव्हा या सगळ्या बोलण्याला सर्बो-क्रोएशियन म्हणत. देश फुटला, आणि प्रत्येक तुकड्यानं आपल्या भाषेला आपलं नाव दिलं. चौथं नाव आलं माँटेनेग्रिन. २००७ च्या राज्यघटनेनं तिला राजभाषा केलं आणि २००९ मध्ये तिच्या वर्णमालेत दोन अक्षरं वाढली. तरी २०११ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ४३ टक्के लोकांनी मातृभाषा सर्बियन सांगितली, ३७ टक्क्यांनी माँटेनेग्रिन. एकाच घरात दोन भावांनी दोन उत्तरं दिली असतील आणि दोघंही एकमेकांना पूर्ण समजत असतील.

म्हणून मला वाटतं, या दोन भाषा किती लोक बोलतात, नुसत्या त्या आकड्यांची तुलना अपुरी आहे. रशियन परक्या लोकांच्या तोंडी गेली आणि नाव एकच राहिलं. सर्बियन बहुतेक आपल्याच माणसांत राहिली, पण तिच्या नावाचे वाटे झाले.

(दृश्य : बेलग्रेड, मग नोवी साद. दान्यूब नदी.)

या दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतातही. १७५३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरचे सर्ब सैनिक रशियन साम्राज्यात गेले, आजच्या युक्रेनमधल्या लुहान्स्कजवळ वसले. त्या प्रदेशाचं नावच स्लाव्हियानो-सर्बिया पडलं. त्यांची भाषा मात्र काही पिढ्यांत आसपासच्या बोलण्यात मिसळून गेली. १९१७ च्या क्रांतीनंतर प्रवाह उलटा झाला. क्रिमियातला लिवाडिया राजवाडा बांधणारे वास्तुविशारद निकोलाय क्रास्नोव्ह निर्वासित म्हणून बेलग्रेडला आले, इथे सरकारी इमारती उभारल्या आणि इथेच वारले.

२०२२ नंतर रशियन माणसं पुन्हा हजारोंनी आली, कारण इथे यायला त्यांना व्हिसा लागत नाही. सिरिलिक पाट्या त्यांना पहिल्याच दिवशी बऱ्याचशा वाचता येतात. कानावर पडणारं बोलणं मात्र कळायला वेळ लागतो, कारण एक पूर्व स्लाव्हिक शाखेची, दुसरी दक्षिणेकडची. नोवी सादमध्ये आता रशियन बालवाड्या निघाल्या आहेत, आणि त्या मुलांचे आईबाप सर्बियन शिकताहेत.