टेम्पलर : एका सनदेची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

सन ११३९ मध्ये पोप दुसरा इनोसंट याने एका लहानशा संघाला सनद दिली. या संघाच्या लोकांवर कोणत्याही राजाची किंवा बिशपची हुकमत चालणार नाही. दशमांश कर ते भरणार नाहीत. त्यांचे पुरोहितही त्यांचे स्वतःचे असतील, आणि त्यांच्यावर अधिकार राहील तो फक्त पोपचा. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर कुणा ना कुणा सरदाराचा, मठाचा, राजाचा हक्क सांगितला जायचा असा तो काळ. त्या काळात एवढी मोकळीक मिळालेला हा संघ म्हणजे टेम्पलर. त्यांच्या गुप्त खजिन्याच्या, शापाच्या कथा तुमच्या कानावर आल्याच असतील. मला मात्र आज या सनदेबद्दल बोलायचं आहे. टेम्पलर मोठे झाले ते या सनदेमुळे, आणि बुडाले तेही याच सनदेपायी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात अगदी साधी होती. १०९९ च्या जुलैमध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातून निघालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने जेरुसलेम घेतलं, शहरात भयंकर कत्तल केली, आणि त्यातले बहुतेक लोक नवस फेडून आपापल्या गावी परतले. मागे राहिलेल्या मूठभर ख्रिस्ती सरदारांच्या हाती शहरं होती, किल्ले होते, पण मधले रस्ते नव्हते. यात्रेकरू जाफा बंदरात उतरायचे आणि जेरुसलेमच्या डोंगरवाटेवर लुटले जायचे. १११९ च्या ईस्टरला जॉर्डन नदीकडे निघालेल्या एका मोठ्या जथ्यावर हल्ला झाला आणि शेकडो माणसं मारली गेली. त्याच सुमारास फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातला ह्यूग द पायाँ हा सरदार आणि त्याचे काही सोबती पुढे आले. भिक्षूंसारखी व्रतं घ्यायची, म्हणजे ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन, आणि हातात तलवार घेऊन यात्रेकरूंना सांभाळायचं, असं त्यांनी ठरवलं. जेरुसलेमचा राजा दुसरा बाल्डविन याने त्यांना राहायला जागा दिली ती अल-अक्सा मशिदीच्या आवारात. सॉलोमन राजाचं मंदिर याच जागी होतं अशी तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांची समजूत होती. त्यावरून या मंडळींना टेम्पलर हे नाव पडलं.

संन्यासी आणि सैनिक एकाच माणसात असावेत, ही गोष्ट तेव्हाच्या ख्रिस्ती धर्मविचाराला सहज पचणारी नव्हती. रक्त सांडणं हे पाप, मग भिक्षूने ते कसं करायचं? क्लेरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याच्या शब्दाला त्या काळी मोठं वजन होतं. त्याने या नव्या योद्ध्यांची बाजू उचलून धरली. ११२९ मध्ये त्रुआ इथे धर्मसभा भरली आणि टेम्पलरांना लेखी नियमावली मिळाली. ती वाचताना त्यांचं रोजचं जगणं डोळ्यांसमोर उभं राहतं. जेवताना बोलायचं नाही. मांस आठवड्यातून तीनदाच. केस आखूड ठेवायचे. शिकारीला जायचं नाही, त्याला अपवाद फक्त सिंहाचा. झोपायच्या दालनात रात्रभर दिवा जळता ठेवायचा. पिशवीला किंवा पेटीला कुलूप लावायचं नाही. कुणाही स्त्रीचं, अगदी जन्मदात्या आईचंही, चुंबन घ्यायचं नाही. उंची कापड आणि सोन्याचे लगाम मिरवणाऱ्या सरदारांच्या घरची ही पोरं होती, हे लक्षात घ्या, म्हणजे या नियमांची धार कळेल.

लोकांनी त्यांना भरभरून दिलं. स्पेनपासून इंग्लंडपर्यंत शेतं, द्राक्षमळे, गिरण्या, गावंच्या गावं दान मिळाली. जेरुसलेमकडे लढणारे पांढऱ्या झग्यातले सरदार संख्येने थोडेच होते. त्यांच्या मागे युरोपभर पसरलेली शेकडो ठाणी होती, आणि तिथे राहणारा माणूस बहुधा कधी तलवारीला हातही न लावलेला असायचा. तो शेती बघायचा, खंड वसूल करायचा आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा पूर्वेकडे पाठवायचा. एका देशातला पैसा दुसऱ्या देशात सुखरूप न्यायची ही त्यांची नेहमीची गरज. त्यातूनच पुढे पेढी उभी राहिली. पॅरिसमध्ये ठेव ठेवायची आणि तिच्या भरवशावर समुद्रापलीकडे रक्कम उचलायची, म्हणजे आपल्या हुंडीसारखाच व्यवहार. दुसऱ्या क्रुसेडमध्ये फ्रान्सचा सातवा लुई पैशाला मोताद झाला तेव्हा टेम्पलरांनीच त्याला कर्ज उभं करून दिलं. पुढे तर फ्रान्सच्या राजाची तिजोरीच पॅरिसमधल्या टेम्पलरांच्या वाड्यात राहू लागली.

हा विश्वास किती कडक होता ते बघा. १२५० मध्ये इजिप्तच्या मोहिमेत फ्रान्सचा नववा लुई कैद झाला. खंडणीचा पहिला हप्ता मोजताना तीस हजार लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) कमी पडले. राजाचा सोबती ज्वाँव्हिल टेम्पलरांच्या जहाजावर गेला. त्यांच्या अधिकाऱ्याने साफ नकार दिला : या ठेवी लोकांच्या आहेत, ज्याने ठेवली त्यालाच परत करू अशी आम्ही शपथ घेतली आहे. राजाचा भाऊ शत्रूच्या हाती ओलीस अडकलेला, तरी उत्तर हेच! शेवटी संघाच्या मार्शलने, म्हणजे सेनाप्रमुखाने, वाट काढली. आम्ही देऊ शकत नाही, पण तुम्ही जबरदस्तीने घेतलंत तर आमची शपथ मोडत नाही. ज्वाँव्हिल तळघरात उतरला. तिथे एक कुऱ्हाड पडली होती. ती उचलून तो म्हणाला, हीच राजाची किल्ली. त्याबरोबर मार्शलने खऱ्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण टेम्पलर म्हणजे नुसते आंधळे धर्मवेडे असं चित्र रंगवलं जातं. सीरियाचा सरदार उसामा इब्न मुनकिज याने आपल्या आठवणींत तो लिहून ठेवला आहे. तो जेरुसलेमला आला की टेम्पलर मित्र त्याला नमाजासाठी अल-अक्साच्या शेजारची छोटी मशीद मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकत्याच आलेल्या एका माणसाने उसामाला धरलं, त्याचं तोंड पूर्वेकडे वळवलं आणि 'प्रार्थना अशी करायची' म्हणून दटावलं. टेम्पलरांनी त्याला ओढून बाहेर काढलं. तो पुन्हा आत घुसला, तेव्हा पुन्हा काढलं, आणि उसामाची माफी मागितली. हा नवीन आहे, त्याला इथलं काही ठाऊक नाही, असं ते म्हणाले.

रणांगणावर मात्र त्यांची किंमत जशी मोठी, तसं नुकसानही मोठं. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीन याने जेरुसलेमच्या राज्याचं सैन्य संपवलं. कैद झालेल्या इतर सरदारांना खंडणीवर सोडायची सोय होती. टेम्पलर आणि त्यांच्यासारखाच दुसरा संघ हॉस्पिटलर, यांच्या दोनशेच्या वर कैद्यांची मात्र मान उडवण्यात आली. हे लोक पुन्हा लढायला येणारच, हे सलाउद्दीन जाणून होता. ऑक्टोबरमध्ये जेरुसलेम गेलं. पुढची शंभर वर्षं किनाऱ्यावरच्या शहरांवर निभावली, आणि १२९१ च्या मे महिन्यात त्यांतलं प्रमुख शहर अक्रे पडलं. संघाचा प्रमुख गिय्योम द बोज्यू लढताना मेला. शहर हातचं गेल्यावरही टेम्पलरांचा वाडा दहा दिवस झुंजला. शेवटी तटाखाली सुरुंग खणले गेले आणि वाडा आतल्या-बाहेरच्या माणसांसकट कोसळला.

आता प्रश्न असा होता : पवित्र भूमीच हातची गेली, तर तिच्या राखणदारांनी करायचं काय? हॉस्पिटलरांनी रोड्स बेट जिंकून स्वतःचं राज्य उभं केलं. ट्यूटॉनिक संघाने बाल्टिक किनाऱ्यावर प्रशियात आपलं बस्तान बसवलं. टेम्पलर सायप्रसमध्ये थांबले, पुन्हा क्रुसेड निघेल या आशेवर. त्यांची सगळ्यात मोठी मालमत्ता फ्रान्समध्ये होती, आणि फ्रान्सच्या गादीवर होता चौथा फिलिप.

फिलिपला पैशाची सतत चणचण. नाण्यांत भेसळ करून झाली होती. १३०६ मध्ये त्याने ज्यूंना हाकलून त्यांची मालमत्ता जप्त केली. त्याच वर्षी नाण्यांच्या फेरबदलावरून पॅरिसमध्ये दंगल उसळली, तेव्हा राजाने आसरा घेतला तो टेम्पलरांच्याच वाड्यात! पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर १३०७ ला, त्याने गुप्त हुकूम काढले. १२ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये राजाच्या भावजयीचा अंत्यविधी झाला आणि टेम्पलरांचा प्रमुख झाक द मोले तिच्या शवपेटीला खांदा द्यायला हजर होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे, फ्रान्सभर एकाच वेळी टेम्पलरांची धरपकड झाली.

आरोप होते ख्रिस्ताला नाकारण्याचे, क्रुसावर थुंकण्याचे, मूर्तीची पूजा करण्याचे आणि अश्लील विधींचे. पॅरिसमध्ये १३८ जणांची चौकशी झाली आणि चार सोडून सगळ्यांनी काही ना काही कबूल केलं. मोलेनेही कबूल केलं. श्रोतेहो, या आकड्याचा आधार घेऊन आजही 'काहीतरी असणारच' असं म्हणणारे लोक आहेत. त्यांनी पुढची कागदपत्रं वाचावीत. पोपने नेमलेल्या आयोगापुढे पाँसार द झिझीने सांगितलं, की माझे हात पाठीमागे इतके करकचून बांधले होते की रक्त नखांपर्यंत आलं. बेर्नार द व्हादोचे पाय विस्तवावर धरले होते. काही दिवसांनी टाचांची हाडं गळून पडली, ती त्याने आयोगाला काढून दाखवली. आणि एमरी द व्हिलिए म्हणाला, या छळापुढे मी टिकणार नाही. प्रत्यक्ष देवाला मीच मारलं असं कबूल करायला सांगितलं तरी करीन. अशा माणसांचे कबुलीजबाब मला पुरावा वाटत नाहीत. पकडलेल्यांत कितीतरी जण उतारवयाचे, शेतीवाडी सांभाळणारे साधे लोक होते, हेही विसरून चालणार नाही.

यात सनद कुठे येते? इथेच येते. टेम्पलर कुणाचेच नव्हते. स्थानिक बिशपांना त्यांच्या सवलती वर्षानुवर्षं खुपत होत्या, सरदारांना त्यांच्या जमिनी डोळ्यांत सलत होत्या. त्यांना वाचवायचा हक्क आणि जबाबदारी एकट्या पोपची, आणि पोप होता पाचवा क्लेमेंट, आजारी, मूळचा फ्रान्सकडचा, राजाच्या दबावाखाली. चारच वर्षांपूर्वी राजाचा मंत्री गिय्योम द नोगारे याने अनान्यी गावात आधीच्या एका पोपला हत्यारबंद माणसं घेऊन घेरलं होतं, ते क्लेमेंट विसरणं शक्य नव्हतं. त्याने आधी निषेध केला, मग इतर राजांनाही टेम्पलरांना पकडायला सांगितलं. १३०८ मध्ये शिनोंच्या किल्ल्यात त्याच्या कार्डिनलांनी मोले आणि इतर नेत्यांना पापमुक्तीही दिली, पण तिचा कुणालाच उपयोग झाला नाही.

१३१० च्या वसंतात जवळजवळ सहाशे टेम्पलर संघाच्या बचावासाठी पुढे आले. त्यावर सांसच्या आर्चबिशपने जो तोडगा काढला तो पाहून अंगावर काटा येतो. हा आर्चबिशप राजाच्या एका मंत्र्याचा भाऊ होता. ज्याने आधी कबूल केलं आणि आता नाकारलं, तो पश्चात्तापानंतर पुन्हा पाखंडात पडलेला, असं त्याने ठरवलं. अशांना शिक्षा एकच. १२ मे रोजी चोपन्न जणांना पॅरिसबाहेर नेऊन जाळलं. म्हणजे खोटं कबूल केलेल्याने खोट्यालाच चिकटून राहायचं, खरं बोलला की चिता. बचाव तिथेच कोसळला.

१३१२ मध्ये व्हिएनच्या धर्मसभेत क्लेमेंटने संघ बरखास्त केला. दोषी ठरवून नव्हे, हे महत्त्वाचं. नाव इतकं बदनाम झालं आहे की आता चालू ठेवता येत नाही, या कारणाने. मालमत्ता हॉस्पिटलरांना दिली, तरी फिलिपने त्यांच्याकडून भरपाईपोटी दोन लाख लिव्हर वसूल केले. मार्च १३१४ मध्ये नोत्र दामसमोर मोले आणि जोफ्रुआ द शार्ने यांना जन्मठेप सुनावली जात असताना दोघेही उभे राहिले आणि आपला कबुलीजबाब खोटा होता, संघ निर्दोष आहे, असं भर लोकांत म्हणाले. त्याच संध्याकाळी सेन नदीतल्या बेटावर दोघांना जिवंत जाळलं. पोप आणि राजा दोघेही त्याच वर्षात वारले, आणि शापाची कथा तिथून सुरू झाली.

फ्रान्सबाहेर वेगळं घडलं. स्पेनकडच्या ॲरागॉन राज्यात टेम्पलरांकडे स्वतःचे भक्कम किल्ले होते. ते महिनोन् महिने लढले आणि पुढे धर्मसभेने त्यांना निर्दोष ठरवलं. पोर्तुगालचा राजा दिनिश तर त्यांची मालमत्ता बाहेर जाऊ द्यायला तयारच नव्हता. त्याने पोपशी वाटाघाटी करून १३१९ मध्ये ख्रिस्ताचा संघ नावाची नवी संस्था काढली. तीच माणसं, त्याच जमिनी, आणि काही वर्षांनी मुख्य ठाणंही तेच, तोमारचा किल्ला. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री तिचा कारभारी झाला आणि संघाचं उत्पन्न आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या सफरींकडे वळलं. १४५६ मध्ये पोपने समुद्रापारच्या नव्या मुलखांतला, थेट हिंदुस्थानापर्यंतचा, धार्मिक अधिकार याच संघाला दिला. १५१४ मध्ये मदैरा बेटावर फुंशाल इथे वेगळा बिशप नेमेपर्यंत तो तोमारकडेच होता. म्हणजे १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क याने गोवा घेतल्यावर तिथे उभ्या राहिलेल्या पहिल्या चर्चांवर कागदोपत्री हुकमत चालली ती टेम्पलरांच्या जुन्या किल्ल्यातून. १५३४ मध्ये गोव्याला स्वतःचा बिशप मिळाला. आणि १५५१ मध्ये पोपनेच ख्रिस्ताच्या संघाचं प्रमुखपद कायमचं पोर्तुगालच्या राजगादीला जोडून दिलं. कोणत्याही राजाला बांधील नसलेल्या संघाचा वारस आता सरळ राजाच्या मालकीचा झाला होता.

नमस्कार.