लिबिया २०११ : मोहीम एक, बारशी चार

(दृश्य: भूमध्य समुद्राचा नकाशा, मग बेनगाझी)

१९ मार्च २०११. पॅरिसमधली मित्रराष्ट्रांची बैठक संपताच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी जाहीर करतात, फ्रेंच विमानं लिबियावर पोहोचलीसुद्धा! काही तासांत बंडखोरांच्या ताब्यातल्या बेनगाझीजवळ लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या सैन्याची वाहनं पेटतात. रात्रीपर्यंत अमेरिकी जहाजं-पाणबुड्या आणि एक ब्रिटिश पाणबुडी शंभराहून अधिक टोमाहॉक क्षेपणास्त्रं सोडतात.

मोहीम एकच, पण प्रत्येकाने बारसं वेगळं केलं. अमेरिकेची 'ओडिसी डॉन', ब्रिटनची 'एलामी', फ्रान्सची 'हारमातां', कॅनडाची 'मोबाइल'. अमेरिकी सूत्रं माउंट व्हिटनी जहाजावरून हलत होती, ब्रिटिश सूत्रं लंडनजवळच्या नॉर्थवूडहून.

३१ मार्चला कारभार नाटोकडे आला. कागदोपत्री. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत लिबियावरच्या कारवाईच्या ठरावावर तटस्थ राहिलेल्या जर्मनीने नाटोच्या अवॅक्स टेहळणी विमानांतली आपली माणसं काढून घेतली, आणि त्याच सुमारास अफगाणिस्तानातल्या अवॅक्ससाठी मात्र माणसं देऊ केली. नाटोचा सदस्य नसलेला स्वीडन ग्रिपेन विमानं घेऊन सिसिलीतल्या सिगोनेला तळावर उतरला. तळावरचं इंधन अमेरिकी नौदलाच्या जातीचं, ग्रिपेनला चालेना. नाटोच्या गुप्त नेटवर्कचे दरवाजेही सुरुवातीला बंद. विमान आहे, वैमानिक आहे, पण शेजारच्याला दिसतंय ते त्याला दिसत नाही!

(दृश्य: रात्र, जहाजाची डेक, फिरणारी पाती)

जूनमध्ये खरी गंमत झाली. भूदलाची हेलिकॉप्टरं नौदलाच्या डेकवरून उडाली, हवाई मोहिमेचा भाग म्हणून. ब्रिटनने एचएमएस ओशनवरून मोजकी अपाची पाठवली. जहाजावरून थेट लढाईत उतरण्याची ब्रिटिश अपाचीची ही पहिलीच वेळ. फ्रेंचांनी 'तोनेर' जहाजावरून जुन्या गझेल आणि नव्या टायगर हेलिकॉप्टरांची मिसळ केली. गझेल 'हॉट' नावाची रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं मारणार, टायगर तोफ आणि रॉकेटं घेऊन सोबतीला. हाती होतं ते बेधडक वापरायची ही फ्रेंच रीत आम्हाला तरी जास्त भावते.

आता इटलीतलं नाटोचं हवाई नियंत्रण केंद्र. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी १० जूनला ब्रुसेल्समध्ये भर सभेत हिशेब मांडला: दिवसाला ३०० उड्डाणं हाताळण्यासाठी उभारलेल्या केंद्राला १५० साठीही धडपडावं लागतंय. विमानांइतकाच तुटवडा लक्ष्य निवडून देणाऱ्या तज्ज्ञांचा होता. ती माणसं शेवटी मुख्यतः अमेरिकेनेच पुरवली. हवेत इंधन भरणारी बहुतेक विमानंही तिचीच होती, आणि हीच अमेरिका तेव्हा 'आम्ही मागच्या बाकावर' म्हणत होती.