बाळ कुणाच्या कागदावर?

नमस्कार श्रोतेहो. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. इंग्रजांची छावणी कधीच उठली, पण आमच्या भागातून पलटणीत जाणं काही थांबलं नाही. फरक एवढाच, की पूर्वी घरातला गडी जायचा, आता सूनही वर्दीत असते. मी फौजेत कारकुनी करून निवृत्त झालो. गावी आल्यापासून अशाच घरांतून फोन येतात. मुलगा भूदलात, सून मिलिटरी नर्सिंगमध्ये, आणि विचारणं एकच: काका, बाळाचं नाव कुणाच्या कागदावर चढवायचं?

जन्माची नोंद दोघांनीही आपापल्या युनिटमधून करून घ्यावी. भूदलात तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात, नौदलात जेनफॉर्म. मूल दोघांचं आहे, त्यात लपवायचं काय? पैसे मात्र एकानेच मागायचे. मुलांचा शिक्षणभत्ता १ जानेवारी २०२४ पासून महिना २,८१२ रुपये ५० पैसे आहे. दोघं सरकारी नोकरीत असली तरी तो एकालाच मिळतो. एका जोडप्याने दोन लष्करी ठाण्यांवरून दोन अर्ज भरले, दोन्ही मंजूर झाले, आणि वर्षाने वसुलीचं पत्र आलं. लबाडी नव्हती हो, एकमेकांना विचारायचं राहिलं होतं. एकाच ठाण्यात क्वार्टर मिळालं तर दोघांपैकी कुणालाच घरभाडं भत्ताही मिळत नाही.

खरी गाठ बसते ती आपल्या गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जन्म जिथे होतो तिथेच त्याची जन्मदाखल्यासाठीची नोंद होते, म्हणजे मुलगी गुहागरची असेल तर गुहागरला, सासर दापोलीचं का असेना. दवाखान्यात घाईत कोणीतरी आईचं नाव सांगतं, बहुधा तिची आईच. ती माहेरचंच नाव सांगणार! इकडे जावयाच्या युनिटमध्ये लग्नानंतरचं नाव, आणि मुलीच्या स्वतःच्या नोकरीच्या कागदांवर भरतीच्या वेळचं. एका बाईची तीन नावं झाली. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, आणि सगळ्या फेऱ्या सुट्टीच्या दिवसांतून. म्हणून कळा सुरू होण्याआधीच आईचं नाव कागदावर लिहून आजीच्या हातात द्या. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. बारसं लांबलं तर बाळाच्या नावाचा रकाना रिकामा राहू द्या, नाव मागाहून घालता येतं. एका घरात नुसतं 'बाबू' लिहून ठेवलं होतं. तो बाबू आता शाळेत जातो, आणि आजोबा अजून ग्रामपंचायतीत.

रजेचं थोडक्यात सांगतो. बाळंतपणाची रजा १८० दिवस, बालसंगोपनाची एकूण ३६० दिवस. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे नियम अधिकाऱ्यांप्रमाणे इतर हुद्द्यांवरच्या बायकांनाही लागू करायला मंजुरी मिळाली.

आईवडिलांना आश्रित दाखवायचं तर उत्पन्नाचा दाखला लागतो. पुढे ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डालाही आश्रितांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, महिना ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता. आता आपला सातबारा काढून बघा. एका कलमाच्या बागेवर वीस नावं, त्यातली सहा मुंबईला. एक साल आंबा येतो, दुसऱ्या साली मोहोर जळतो. तलाठी विचारतो, उत्पन्न किती लिहू? तेव्हा एकदा बसून भावकीत कुणाचा वाटा किती ते ठरवा, आणि तहसीलदाराचा दाखला मुलं सुट्टीवर येण्याआधी काढून ठेवा.

आणि बाळाचं आश्रित कार्ड, फौजी इस्पितळात उपचारांसाठी दाखवायचं ते. दोघंही ड्युटीवर असली की बाळ आजीपाशी राहतं. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या नातवाला ताप भरला. आजी त्याला घेऊन रातराणीने मुंबईला नौदलाच्या अश्विनी इस्पितळात निघाली. एस्टीत बसल्यावर आठवलं, कार्ड सुनेच्या पाकिटात, आणि सून जम्मूला. शेवटी खाजगी डॉक्टर गाठला. कार्ड स्पीड पोस्टाने सहाव्या दिवशी आलं. तोवर ताप उतरून नातू अंगणात खेळत होता.